गुरुजी आणि संशोधक

विज्ञानशिक्षणाच्या बाबतीत आपल्याकडे एक विलक्षण श्रमविभाग रूढ झाला आहे. विद्यापीठातील पंडिताने ज्ञान निर्माण करावे आणि शाळेतील गुरुजींनी ते वाटावे! वाटताना त्यांना काय आढळले, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

ही रीत मोडणारे प्रयत्न झालेच नाहीत, असे नव्हे. 1972 साली मध्यप्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांतून एक उपक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ खेड्यातील शिक्षकांच्या शेजारी बसून प्रयोग करीत, आणि वर्गातील अनुभव ऐकून धडे पुन्हा लिहिले जात. 1978 साली तो जिल्हाभर पसरला. 2002 साली सरकारने तो बंद केला. टाटा संस्थेनेच 1974 साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. त्या केंद्राच्या मंडळींनी जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शाळांतून काम केले. मुलाला विज्ञान अवघड जाते ते पुष्कळदा पुस्तकाच्या भाषेमुळे, हे त्यांनी दाखवून दिले. वर्गात उभ्या राहणाऱ्या कोणत्याही गुरुजींनी हे आधीच सांगितले असते; पण त्यांना विचारणार कोण?

शिरूर अनंतपाळकडील एका शिक्षकाने मला आपल्या वर्गातील एक प्रश्न सांगितला. एका शेतात बोअरला पाणी लागते आणि बांधापलीकडे तो कोरडा जातो, हे कसे? उत्तर आमच्या काळ्या पाषाणात दडलेले आहे. बेसॉल्ट स्वभावतः घट्ट. पाणी राहते ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत, आणि भेगा काही बांध पाहून पडत नाहीत. भूशास्त्रज्ञाला एवढे ठाऊक असते. परंतु कोणाच्या शेतात किती फुटांवर पाणी लागले, कोणाचे कर्ज काढून मारलेले बोअर वाया गेले, हे गावालाच ठाऊक. मुलांकरवी ती नोंद करून घेणारा शिक्षक संशोधकाचा मदतनीस नव्हे, बरोबरीचा सहकारी होय.

म्हणून विद्यापीठीय बंधूंना माझी विनंती एवढीच, की शाळेत व्याख्यान देण्यास जाल तेव्हा कोरी वहीही न्यावी. मराठवाड्यातील मुलाला पाण्याविषयी पडलेला प्रश्न हा केवळ परीक्षेचा प्रश्न नाही. त्याच्या घरचे पुढले साल त्यावर अवलंबून असते.