बिबट्याची वाट

जुन्नरकडे नवे शेत घेतले, तेव्हा शेजारचे तात्या म्हणाले, “मास्तर, विहीर मागाहून बघा, आधी बिबट्याची वाट बघा!” आम्ही ‘वाट बघत’च निघालो. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत गोल पाऊल उमटले होते. नखांची खूण नव्हती, म्हणजे कुत्र्याचे नव्हे. ती पावले बांधावरून उसात शिरली होती. पिंजरा लावावा तो तिथेच! पण १९७२ च्या कायद्यामुळे ते काम वनखात्याचे. शिवाय एक धरला, तर रिकाम्या हद्दीत बहुधा दुसरा येतो. त्या पावलांशेजारीच तोडकऱ्याच्या लेकराची अनवाणी पावले होती. वनखात्याला अर्ज मी रात्री लिहिला. तोडकऱ्याची खोपी मात्र दिवस मावळण्यापूर्वीच उसापासून दूर, उघड्या माळावर हलवली.