सव्वा महिन्यानंतर

भावजयीच्या माहेरचं फडताळ. वरच्या कप्प्यात डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, शतावरी कल्प, सुंठ. खालच्या कप्प्यात बाळंतकाढ्याच्या बाटल्या, क्रमांक एक, दोन, तीन. तिची आई एकेक दाखवत होती: हे दुधाला, हे कंबरेला, हा काढा वाताला, हा ओवा आणि बाळंतशेपा पोट साफ व्हायला. त्या चहा टाकायला गेल्या तशी भावजय हळूच म्हणाली, "ताई, टाके विरघळले म्हणतात. मग अजून का दुखतं? आणि ह्यांनी नुसता हात धरला तरी अंग आकसतं. मनच होत नाही. माझंच काही बिघडलंय का?"

त्या फडताळात यावर काही नव्हतं.

*

बिघडलेलं काही नाही. वार पडली की शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम खाली येतं. बाळ अंगावर पीत असेल तर प्रोलॅक्टिन चढं राहतं आणि बीजकोश महिनोन्‌महिने झोपलेले राहतात. इस्ट्रोजेन नाही म्हटल्यावर योनीच्या आतलं अस्तर पातळ होतं, ओलावा आटतो, ताण सहन होत नाही. पाळी गेलेल्या पन्नाशीच्या बाईची जी तक्रार, तीच या सव्वीस वर्षांच्या पोरीची. फरक एवढाच, की हिची तात्पुरती आहे. पाजणं कमी झालं, पाळी परत आली, की बहुतेकींचा ओलावाही परत येतो.

म्हणून सिझर झालेल्या बाईलाही दुखतं. "तुझं तर वरून झालं, तुला तिथे काय व्हायचंय?" असं तिला ऐकवणाऱ्यांना हे सांगायला हवं.

*

सुश्रुतसंहितेत बाळंतिणीचं पथ्य दीड महिन्याचं सांगितलं आहे. पण काहींच्या मते पुन्हा पाळी दिसेपर्यंत ती सूतिकाच, हेही तिथेच नोंदवलेलं आहे. आपण घरोघरी पहिला आकडा उचलला, त्याचा सव्वा महिना केला आणि दुसरं मत पोथीत ठेवून दिलं. त्या वैद्यांच्या डोक्यात इस्ट्रोजेन नव्हतं हे उघड आहे. तरी शरीराच्या हिशेबाला दुसरं मतच जास्त जवळ जातं.

*

उपाय म्हणून जे खरंच उपयोगी, ते इतकं साधं आहे की त्याला कुणी उपाय म्हणत नाही.

पहिला दिवस-दोन दिवस टाक्यांवर सूज असते, तेव्हा गार बरं वाटतं: फडक्यात गुंडाळलेला बर्फ, थोडा थोडा वेळ. शेकाची घाई तेव्हा करू नये. नंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसणं. पाण्यात काही घालायची गरज नाही. जंतुनाशकाचं झाकण ओतण्याची आपल्याकडे फार हौस. त्याने कोवळी कातडी आणखी कोरडी पडते, चुरचुरते. सुवासिक साबणाचंही तेच. लघवीला झोंबत असेल तर होतानाच वरून कोमट पाणी सोडत राहावं. माझी एक मावशी तांब्या घेऊन हेच करायला सांगायची, आणि आता परदेशातल्या दवाखान्यांत त्यासाठी बाळंतिणीच्या हाती प्लॅस्टिकची बाटली देतात.

*

तेल-तूप. जखम पूर्ण भरली आणि अंगावरून जाणं थांबलं, की बाहेरच्या बाजूला आणि टाक्यांच्या वणावर साधं खोबरेल चालतं. काही वैद्य शतधौत घृत देतात, म्हणजे तांब्याच्या परातीत पाणी घालून शंभर वेळा धुतलेलं तूप. मलमासारखं पांढरं, हलकं होतं आणि थंड वाटतं. कुणी घरी करायचा घाट घातला तर कौतुक आहे, पण हात, परात आणि पाणी स्वच्छ नसेल तर तो घाट जखमेच्या जागी नको.

वण आखडल्यासारखा वाटत असेल तर सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, स्वच्छ अंगठ्याला तेल लावून, रोज काही मिनिटं तिथे हलक्या हाताने चोळावं. पोटाला, पाठीला तास-तास मालिश करणाऱ्या बाईलाही हे ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी ती बोलत नाही.

एक धोका मात्र मोठ्याने सांगायला हवा. खोबरेल किंवा तूप लावलं असेल तर रबराचा निरोध कमकुवत होऊन फाटतो. निरोध वापरत असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारं पाण्याचं वंगणच घ्यावं, बिनवासाचं. ते मागायला नवऱ्याला पाठवावं. बाळाचे लंगोट आणायला तो जातोच.

*

मायफळ. बाळगुटीच्या डब्यात असतं ते. त्याची पूड, किंवा तुरटीचं पाणी, "जागा पूर्वीसारखी घट्ट" करायला वापरतात. 2012 साली तर तसल्या एका मलमाची दूरदर्शन-जाहिरात आली होती, साडीतली बाई घरच्यांसमोर नाचत होती आणि सासू-सासरे पाहत होते. मायफळ आणि तुरटी दोन्ही तुरट, म्हणजे असलेला ओलावाही शोषणार. आधीच कोरड्या पडलेल्या, सोललेल्या जागेवर हे लावणं म्हणजे दुखणं विकत घेणं. आणि हे उपाय बाईच्या दुखण्यासाठी निघालेलेच नाहीत, कुणाच्या तरी समाधानासाठी निघालेत. माझ्या यादीतून कायमचे बाद.

*

बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा, लसणाच्या साली, वावडिंग. उबेने बरं वाटतं यात शंका नाही, कंबर मोकळी होते. पण दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत तो धूर तान्ह्या बाळाच्या छातीतही जातो, आणि टाक्यांवर थेट धग घेऊन भाजून घेतलेल्या बायका असतात. गरम पाण्याची पिशवी कंबरेला पुरते.

*

खाण्याबद्दल. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, हा नियम कुणी काढला कोण जाणे. पाणी कमी, लाडू भरपूर, भाजी वर्ज्य, मग शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं आणि टाक्यांची जागा ओरडते. पुढचे कित्येक आठवडे बाई त्या जागेला घाबरते. जवळीक नको वाटण्याची सुरुवात अनेकदा शयनगृहात होत नाही, शौचालयात होते. भिजवलेल्या मनुका, पालेभाजी, घोट घोट कोमट पाणी, गरज पडली तर इसबगोल. याला वाजीकरण म्हणून कुणी खपवणार नाही, पण गुण आहे.

दुसरं रक्ताचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय बायकांमध्ये रक्त कमी निघालं. त्यात बाळंतपणातला रक्तस्राव. जिना चढताना धाप लागणाऱ्या बाईला रात्री उत्साह कुठून येणार? सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर 180 दिवस लोहाच्या गोळ्या द्यायच्या असतात. त्या पोटाला बाधतात म्हणून पहिल्या पंधरवड्यात फडताळात जातात, काढ्याच्या मागे. अळीव, खारीक, नाचणी जरूर खावं, पण गोळ्याही घ्याव्यात.

*

"इच्छा वाढवणारं काही नैसर्गिक सांगा." अश्वगंधा, सफेद मुसळी, शिलाजित, अशी नावं समोरूनच येतात. शतावरी दुधासाठी पिढ्यान्‌पिढ्या देतात, देऊ द्या. पण पाजणाऱ्या बाईने अश्वगंधा स्वतःच्या मनाने घेऊ नये. ती थायरॉइडवर परिणाम करते, आणि बाळंतपणानंतर थायरॉइड आधीच बिघडलेलं असू शकतं. थकवा, केस गळणं, उदासी, नको वाटणं हे सगळं त्या थायरॉइडचंही असतं. आधी रक्त तपासावं.

दशमूलारिष्टाबद्दल एक गोष्ट गमतीची. बेल, टेंटू, शिवण, पाडळ, रिंगणी, डोरली, गोखरू वगैरे दहा मुळ्यांचं हे अरिष्ट आंबवून करतात, त्यामुळे त्यात आपोआप तयार झालेलं मद्य असतं. दारूच्या नावाने कानावर हात ठेवणाऱ्या किती आज्यांनी सुनांना रोज दोन वेळा ते पाजलं असेल!

*

कमरेखालच्या स्नायूंचे व्यायाम अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टराने 1948 मध्ये मांडले. हसताना, शिंकताना लघवी निसटत असेल तर ते करावेतच. पण आत घेताना दुखतं, आणि ते स्नायू भीतीने सतत आवळलेलेच असतात, अशा बाईला "आवळा" सांगणं उलटं पडतं. तिने सोडायला शिकायचं: पाठीवर पडून, गुडघे दुमडून, पोट फुगेल असा सावकाश श्वास, आणि श्वास आत घेताना खालचा भाग सैल. मोठ्या शहरांत आता केवळ याच कामाच्या फिजिओथेरपिस्ट आहेत.

ज्या पहिल्यांदाच बाळंत व्हायच्या आहेत त्यांच्यासाठी टीप: पस्तिसाव्या आठवड्यापासून डॉक्टरांना विचारून योनिमुखाला तेलाची मालिश केली, तर पहिलटकरणींत टाके लागण्याचं प्रमाण कमी होतं. आणि सरसकट छेद घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे.

*

राणी आणि अभय बंग यांचं गडचिरोलीतलं काम 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. 92 टक्के बायकांना कुठलातरी स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. हे गडचिरोलीचं, तेव्हाचं, असं म्हणून सोडून देता येत नाही. भावजयीच्या शहरातल्या, वातानुकूलित दवाखान्यात सहाव्या आठवड्याला काय झालं? बाळाचं वजन, हिचा रक्तदाब, तांबी बसवायची का, पुढचा. "तिथे दुखतं का?" हे कुणी विचारलं नाही, आणि सासू शेजारी बसलेली असताना हिनेही सांगितलं नाही.

तिला म्हटलं, परत जा, एकटी जा. तेल, टब, वेळ देऊनही दुखत राहिलं तर डॉक्टर इस्ट्रोजेनचं कमी ताकदीचं, लावायचं मलम देऊ शकतात. ताप, घाण वास, वाढतं रक्त, टाका उसवणं, यात तर घरगुती काहीच करत बसायचं नाही.

*

र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक 1927 ते 1953 चाललं. बाईलाही सुख हवं असतं आणि ते मागायचा तिला हक्क आहे, हे त्यांनी त्या काळी छापलं. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये खटला भरला गेला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. आज त्या वाचकांच्या पणतीच्या वयाची पोर बहिणीसारख्या नणंदेलाही हे चहा उकळेपर्यंतच्या वेळात, कुजबुजत विचारते.

*

झोप. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला सगळ्यात नैसर्गिक औषध म्हणजे सलग चार तासांची झोप. एक वेळचं दूध काढून ठेवावं, ते नवऱ्याने पाजावं. दिवसभर बाळ अंगाला चिकटलेलं असतं, तेव्हा आणखी कुणाचा स्पर्श नको वाटणं यात नवऱ्याचा अपमान नाही.

शिवाय इच्छा आधी आणि जवळीक नंतर, असंच काही नसतं. रोझमेरी बॅसन या डॉक्टरबाईंनी 2000 साली मांडलं, की अनेक बायकांत जवळीक आधी सुरू होते आणि इच्छा मागून येते. मात्र ती जवळीक शेवटाला न्यायचीच, अशी सक्ती असेल तर मागून काही येत नाही.

आणि बाळाकडेही पाहवत नसेल, रडू थांबत नसेल, दोन आठवड्यांनंतरही तसंच असेल, तर ते लाडवाने जाणारं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक फुकट आहे.

*

माहेरचा मुक्काम संपून बाळंतीण सासरी परत येते, तेव्हा स्वयंपाकघर आणि शयनगृह, दोन्हीकडची तिची हजेरी एकाच तारखेला लागते. पुरणपोळी करून औक्षण होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळायला बसवतात. जुन्या रीतीला मी बरीच नावं ठेवते, पण माहेरी पाठवण्याच्या चालीला नाही. तिला वेगळी खाट आणि वेगळी खोली मिळायची, न मागता. आता काहींची बाळंतपणं सासरी किंवा दोघांच्याच फ्लॅटमध्ये होतात, आणि ती वेगळी खाट मागावी लागते.

*

भावजयीचा रात्री फोन. उपायांबद्दल नव्हता. "ताई, खरं सांगू? दुखण्यापेक्षा पुन्हा दिवस राहतील याचीच भीती वाटते." अंगावर पाजताना राहत नाहीत, असं तिला आईने सांगितलंय. तिला तीन अटी सांगितल्या: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त आईचं दूध, आणि पाळी आलेली नाही. तिन्ही पुऱ्या असतील तर दिवस राहण्याचा संभव 2 टक्क्यांहून कमी. एक जरी तुटली तर दुसरी सोय हवी. सरकारी दवाखान्यात 'छाया' गोळी मिळते. लखनौच्या संशोधन केंद्रात तयार झालेली, हार्मोनविरहित, पाजताना चालणारी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. किंवा तांबी. किंवा निरोध, आणि मग खोबरेल नाही.

"हे तुम्ही ह्यांनाच सांगाल का?" म्हणाली. मी म्हटलं, दे फोन.