शिफ्टवाल्यांची मुलं

कोराडी, पारस, परळी, दीपनगर, एकलहरे, चंद्रपूर. एमएसईबीच्या वीज केंद्रांच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला महाराष्ट्राचा नकाशा आधी या नावांनी कळला. वडिलांची बदली झाली की ट्रकमध्ये सामान चढायचं आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या अगदी तशाच वसाहतीत उतरायचं. तशीच टाइप टू-टाइप थ्रीची घरं, तसंच गणपती मंडळ, आणि कुठूनही मान वर केली की चिमणी. शाळेत नव्या मुलाला पहिला प्रश्न ठरलेला असायचा : तुझे बाबा कुठे, बॉयलरला की टर्बाइनला?

घर शिफ्टवर चालायचं. फर्स्ट असली की पहाटे पाचला स्टोव्हचा आवाज. सेकंड असली की रात्री उशिरा दाराची कडी. नाइट असली की दिवसभर खिडकीला जुनी चादर आणि आम्ही भावंडं चवड्यांवर. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणं लावून घ्यायला वडील घरी नाहीत, हे किती तरी घरांत व्हायचं. सणासाठी वीजनिर्मितीचा सेट बंद ठेवता येत नाही. आणि मध्यरात्री सेट ट्रिप झाला की सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ सुटायची, तिच्या आवाजाने तान्ही पोरं दचकून उठायची. थोड्या वेळात कोणी तरी बोलवायला यायचं. तोवर आईने चहा टाकलेला असे.

पावसाळा सगळ्यांत वाईट. ओला कोळसा बंकरमध्ये अडकून बसे, मिलपर्यंत उतरत नसे. माणसं लोखंडी पहारी घेऊन तो पाडत. सीएचपीवाल्यांच्या, म्हणजे कोळसा हाताळणाऱ्यांच्या, घरच्या मोरीतून त्या दिवसांत काळं पाणी वाहायचं. मिलमध्ये कोळशाचं पीठ होतं, ते भट्टीत फुंकलं जातं, वाफ पाचशे चाळीस अंशांपर्यंत तापते आणि टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं, हे आम्ही पाठ्यपुस्तकाच्या आधी जेवणाच्या ताटावर शिकलो. दोनशेदहा मेगावॉटचा एक सेट दिवसाला तीन हजार टनांहून अधिक कोळसा खातो, हेही तिथेच कळलं. सांगताना वडिलांच्या आवाजात अभिमान असायचा, आणि तो रास्त होता. या माणसांनी महाराष्ट्र उजेडात ठेवला.

राख मात्र आईच्या वाट्याला. गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या की वर जुनं पातळ पसरायचं. संध्याकाळी ते झटकलं की करडी भुकटी उडे, बोटांत चोळली तर टाल्कम पावडरसारखी मऊ. तुळशीची पानं आधी ओल्या फडक्याने पुसायची, मग देवाला. दोरीवरचे पांढरे शर्ट वाऱ्याची दिशा बघून काढायचे. वाऱ्याचा अंदाज वसाहतीतल्या बायकांइतका कोणालाच नव्हता. आपल्या देशी कोळशात तिसरा हिस्सा, पुष्कळदा त्याहूनही जास्त, राखच असते. ती कुठे तरी जाणारच. बाकीची पाण्यात कालवून पाइपने राखेच्या बंधाऱ्यात जायची, आणि बंधारा असायचा ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याच शिवाराला लागून.

जमिनी गेलेल्या या गावांबद्दल बोललंच पाहिजे. वसाहतीत लाइट क्वचित जायची. तारेच्या कुंपणापलीकडे मात्र अंधार. प्रकल्पग्रस्तांची मुलं आमच्या वर्गात होती. त्यांच्या शेतावर चिमणी उभी होती आणि त्यांच्या घरात रॉकेलची चिमणी जळत होती. दहावीच्या वर्षी त्यांतली काही जण आमच्या रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यासाला येत. पुढे २००५ नंतर भारनियमनाने खेडीपाडी दिवसाचे बारा-बारा तास होरपळली, तेव्हाही मुंबईला त्याची झळ लागली नाही. कोळशाचा हिशेब मांडायला बसणाऱ्याने ही ओळ आधी लिहावी.

आता कोळसा बंद करा असं कोणी म्हटलं की आमच्यातल्या अनेकांना आपल्या बापाला कोणी बोललं असं वाटतं. हे मी समजू शकते. तरीही माझं मत स्पष्ट आहे : कोळशाची वीज थांबली पाहिजे, आणि ती थांबवण्याची तयारी आपल्याच पिढीने करायला हवी. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याचा ताप आता आपल्याच वसाहतींवर येतो आहे. २०१५ मध्ये दुष्काळामुळे पाणीच उरलं नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं. बॉयलरला कोळसा होता, पाणी नव्हतं. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. त्याच चंद्रपुरात मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो.

ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ ला आपलं शेवटचं कोळसा केंद्र, रॅटक्लिफचं, बंद केलं. १८८२ पासून कोळशावर वीज करून श्रीमंत झाल्यावर, आणि हाताशी गॅस व समुद्रावरचा वारा असताना. त्यांच्या तारखा आपल्यावर लादणं अन्याय्य आहे. देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाची आहे. उद्या सगळे सेट थंड केले तर आधी अंधार होईल तो पुन्हा कुंपणापलीकडेच.

खरी अडचण संध्याकाळी सातची आहे. दुपारी सौर वीज भरपूर मिळते, आणि तिचा फायदा शेतकऱ्याला सर्वांत मोठा. रात्री दोनला मोटार चालू करायला साप-बिबट्याच्या वाटेने जाणाऱ्या माणसाला दिवसा पाणी देता येणं, यासाठी सौर कृषी वाहिनीचं मी मनापासून स्वागत करते. पण दिवे लागतात तेव्हा सूर्य नसतो. तिथे साठवण हवी. घाटघरला २००८ पासून अडीचशे मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे : वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. सह्याद्रीत अशा जागा आहेत. जुन्या केंद्रांपाशी तर स्विचयार्ड, चारशे केव्हीच्या लाइनी, पाणी, रेल्वे सगळं तयार आहे. बॅटऱ्या तिथेच बसवता येतील. आधी दोनशेदहाचे थकलेले सेट काढा, मग पाचशेचे. नवे मात्र उभारू नका.

आणि माणसं? आमच्या वडिलांना बदली मिळाली. आज त्याच सीएचपीत, त्याच राखेच्या पाइपवर बहुतेक हात कंत्राटी आहेत. कंत्राटी कामगाराची बदली होत नाही, सेट बंद झाला की त्याचा गेटपासच संपतो. त्यात त्या प्रकल्पग्रस्तांची नातवंडंही आहेत. म्हणून सेट बंद होण्याची तारीख निदान दहा वर्षं आधी जाहीर व्हावी, गावच्या आयटीआयमध्ये सौर आणि बॅटरीचं काम शिकवणं त्याच वर्षी सुरू व्हावं, आणि राखेचे बंधारे साफ करून ती जमीन परत देण्याचा करार चिमणी पाडण्याच्या आधी ग्रामसभेत वाचून दाखवावा. आमच्या वर्गातली जी मुलं दिव्याखाली बसायची, त्यांतली काही आज त्या ग्रामसभांत आहेत. सही त्यांची हवी.