लेक शिकायला बाहेर पडते तेव्हा

वाचकहो, आमचं गाव भीमेच्या काठी, मंगळवेढे तालुक्यात. ज्वारीबरोबर आम्ही थोडे कडू भोपळेही लावतो. हे भोपळे खायचे नव्हेत. वाळवून ते मिरजेला जातात आणि तिथले कारागीर त्यांच्या सतारी नि तंबोरे करतात. माझी थोरली लेक लहानपणी माझ्याबरोबर मिरजेला यायची. एकदा कारागिरानं नुकत्याच तारा चढवलेली सतार छेडली. पोरगी म्हणाली, "आबा, आपला भोपळा बोलतोय!" तिथंच तिला नाद लागला.

पुढं आत्याकडं मिरजेत राहून ती शाळा शिकली आणि सतारही शिकली. बारावी झाली तेव्हा माझ्या मनात नर्सिंग होतं. तिचे गुरुजी मात्र म्हणाले, "हिला धारवाडला धाडा. तिथं सतारीचं जुनं घराणं आहे." भावकी म्हणाली, "पोरीला परमुलखात धाडायचं, आणि तेही वाजवायला?" मला आठ दिवस धड जेवण गेलं नाही.

तेव्हा गावच्या शाळेतल्या मास्तरांनी मला झुबिन मेहता यांची हकिगत सांगितली. ती तुम्हालाही सांगतो.

झुबिन १९३६ साली मुंबईत एका पारशी घरात जन्मले. वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवत. त्यांनी १९३५ साली मुंबईत पाश्चात्त्य संगीताचा वाद्यवृंद उभा केला होता. तरी शिकायची भूक भागली नव्हती. १९४५ साली, चाळिशी जवळ आलेली असताना, बायकामुलांना मागं ठेवून ते न्यूयॉर्कला गुरूकडं गेले आणि चार वर्षांनी परतले. झुबिनला आधी वैद्यकीच्या वाटेला लावलं होतं. सेंट झेवियर्स कॉलेजात तो अभ्यासही सुरू झाला, पण मन रमेना. अखेर १९५४ साली, अठराव्या वर्षी, त्यांनी ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना शहर गाठलं.

तिथं त्यांना व्हायचं होतं वाद्यवृंदाचा संचालक. आता तुम्ही म्हणाल, हे काय काम? पालखीच्या तळावर समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ-मृदंग एकदम थांबतात, हे आपण पाहिलंय. तसंच काहीसं. ऐंशी-शंभर वादकांपुढं संचालक उभा असतो. स्वतः एकही वाद्य वाजवत नाही, पण कोणी कधी, किती जोरात, किती हळू वाजवायचं ते त्याच्या हातावर चालतं. त्यासाठी प्रत्येकाच्या ओळी त्याला ठाऊक असाव्या लागतात.

हान्स स्वारोव्स्की हे त्यांचे गुरू. त्यांच्याकडं संचालन शिकायचं, शिवाय डबल बास नावाचं माणसापेक्षा उंच तंतुवाद्यही शिकायचं. मोठमोठ्या संचालकांच्या तालमी पाहायची फार इच्छा, पण विद्यार्थ्यांना आत सोडत नसत. मग झुबिन आणि त्यांचे इटालियन सोबती क्लाउडिओ अबाडो यांनी काय केलं? तिथल्या गायकवृंदात दोघांनी नाव घातलं! गायला उभं राहायचं आणि डोळे संचालकाच्या हातावर ठेवायचे. पुढं हा अबाडोही जगभर गाजला.

१९५६ साली हंगेरीतून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा झुबिननी विद्यार्थी वादक गोळा करून त्यांच्या छावणीत कार्यक्रम केला. १९५८ साली इंग्लंडात लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली. बक्षीस म्हणजे वर्षभर तिथं साहाय्यकाची नोकरी. आणि १९६२ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाची धुरा त्यांच्याकडं आली.

मास्तरांचं ऐकून मी म्हटलं, "गुरुजी, ते मेहता. घरातच वाद्यवृंद. आम्ही भोपळेवाले." मास्तर हसले. म्हणाले, "अरे, त्यांनासुद्धा दाराबाहेरच ठेवलं होतं ना?"

त्या रात्री कारभारणीशी बोललो. ती म्हणाली, "भोपळा लावताना तुम्ही विचारता का, याची सतार होईल का म्हणून? काही तडकतात, काही मिरजेहून परत येतात. तरी लावताच की." दुसऱ्या दिवशी एक म्हैस विकली आणि पोरीला धारवाडला पोचवून आलो.

पहिले चार महिने तिकडच्या गुरूंनी तिला एका यमनापुढं जाऊ दिलं नाही. तारेनं बोटं कापली. एकदा फोनवर रडली, "आबा, मी परत येते." मीही गहिवरलो होतो. पण म्हटलं, "बाई, आत घेत नसतील तर गायला उभी राहा, पण डोळे गुरूच्या हातावर ठेव." गोष्ट तिला ठाऊक होती. ती रडता रडता हसली.

आज दुसरं वर्ष चालू आहे. ती मोठी वादक होईल का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित कुठं शाळेत संगीत शिकवील. तेही चांगलंच.

मंडळी, तुमच्याही घरात असं एखादं पोर असेल. त्याच्यापायी जमीन विकू नका, कर्जही काढू नका. पण जाणत्या गुरूला भेटा, खर्चाचा नीट हिशोब मांडा, दोन वर्षांची मुदत ठरवा. आणि मग मात्र भावकीच्या बोलण्यापायी त्याची वाट अडवू नका.

आषाढीला लेक घरी आली होती. संध्याकाळी सोप्यात बसून तिनं यमन वाजवला. गोठ्यात उरलेली एक म्हैस रवंथ करत होती. ज्या चुलत्यानं सगळ्यांत जास्त बोल लावले होते, तो उंबऱ्याशी टेकून शेवटपर्यंत बसला होता.