दोन मिलिमीटरचा उजेड

चोपड्याला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर जळगाव, धरणगाव किंवा अमळनेर गाठावे लागते. ज्या गावात रेल्वे नसते, तेथील मुलांना रेल्वेचे वेड अधिक असते, असे माझे निरीक्षण आहे. निदान माझ्या बाबतीत तरी ते खरे ठरले. दवाखान्याच्या माडीवरील खोलीत आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा प्लायवूडवर मी गेली काही वर्षे पाचोरा-जामनेर मार्गाचा एक तुकडा उभा करीत आहे. खानदेशातील जुन्या मंडळींना ही 'पीजे' गाडी ठाऊक आहेच. अडीच फुटी रुळांवरून शेंदुर्णी, पहूर करीत जामनेरला जाणारी ही गाडी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती पुन्हा धावली नाही. आता त्या मार्गाचे रुंदीकरण हाती घेतलेले आहे. लहान गाडी उरली आहे ती आठवणीत आणि माझ्या माडीवर.

या छंदाची प्रत्यक्ष ओळख मला पुण्यात झाली. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथे खोलीतील दिवे मंद होतात आणि सारे छोटे शहर उजळते, तो क्षण मी विसरलो नाही. गाड्या तर सुंदर आहेतच. परंतु माझी नजर खिळली ती त्या दिव्यांवर. दिवा लागला की निर्जीव खेळण्यात कोणीतरी राहत असल्याचा भास होतो.

या छंदातील सर्वांत रूढ प्रमाण १:८७ असे आहे. अडीच फुटी म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या रुळांना ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. आपल्या ब्रॉडगेजची मात्र पंचाईत आहे. १६७६ मिलिमीटरचे ८७ पट लहान रूप १९ मिलिमीटरहून थोडे अधिक भरते आणि मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या मापावर बेतलेले आहेत. पीजेने माझी या कटकटीतून सुटका केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

माझ्या या तुकड्यावर एक रेल्वे फाटक आहे. फाटकाशी एक अ‍ॅम्बॅसडर, केळीने भरलेला एक ट्रक, एसटीची एक बस आणि दोन बैलगाड्या थांबलेल्या आहेत. बैलगाड्यांचा प्रश्न नाही; परंतु संध्याकाळच्या देखाव्यात मोटारींना दिवे हवेतच. जुन्या गाड्यांच्या गोल दिव्याचा व्यास ७ इंच असे. ८७ पटीने लहान केला की तो २ मिलिमीटर होतो. या दोन मिलिमीटरमध्ये उजेड बसवायचा, एवढेच काम.

पूर्वी यासाठी गव्हाच्या दाण्याएवढे तारेचे बल्ब वापरीत. ते तापत आणि प्लॅस्टिकची गाडी आतून वितळत असे. अशा एका जुन्या मोटारीचे बॉनेट चक्क खाली बसलेले माझ्याकडे आहे. आता एलईडी आले. त्यातील '०४०२' या मापाचा दिवा १ मिलिमीटर लांब व अर्धा मिलिमीटर रुंद असतो. तो साबुदाण्यावर ठेवला तरी साबुदाणा मोठा दिसेल. त्याला केसासारखी, वार्निश चढवलेली तांब्याची तार जोडायची. हातात धरायच्या बारीक ड्रिलने गाडीला छिद्र पाडायचे, तार आतून काढून चाकामागून रस्त्याच्या खाली न्यायची. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. उरलेले ९ व्होल्ट रेझिस्टरने अडवायचे. १ किलोओहमचा रेझिस्टर लावला तर ९ मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह जातो आणि फाटकाशी ट्रक थांबला नसून वेल्डिंग चालले आहे असे वाटते. १० किलोओहमचा लावला की उजेड सौम्य, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या जुन्या ट्रकसारखा दिसू लागतो. शिवाय गाडीचे टप आतून काळ्या रंगाने रंगवावे लागते, नाहीतर उजेड दिव्यातून न येता साऱ्या अंगातून झिरपतो आणि ट्रक आकाशकंदिलासारखा दिसतो.

दिवा लागेनासा झाला तर दोष बहुधा तीनच ठिकाणी सापडतो. तारेवरचे वार्निश नीट खरवडलेले नसते, डाग सुटलेला असतो, किंवा धन-ऋण टोकांची अदलाबदल झालेली असते. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून टोके लावली की चांगला एलईडी मिणमिणतो. रुग्ण तपासण्यापेक्षा हे सोपे आहे, कारण एलईडी खोटे सांगत नाही.

या कामातच मला नाना भेटले. हे त्यांचे खरे नाव नव्हे. त्यांच्या अनुमतीने लिहीत आहे. भुसावळ विभागात सिग्नल मेंटेनर म्हणून आयुष्य घालवून ते निवृत्तीनंतर चोपड्याला परतले. दम्याच्या तक्रारीसाठी दवाखान्यात प्रथमच आले असता भिंतीवरील पीजेचे छायाचित्र पाहून थबकले, आणि पुढच्या रविवारी माडीवर आले. माझे डाग पाहून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा डाग नाही, हा गोळा आहे. डाग चकाकला पाहिजे." त्यानंतर ट्रकचे मागचे लाल दिवे त्यांनीच करायला घेतले.

तेव्हा मी त्यांचे हात पाहिले. मांडीवर ठेवलेला हात अगदी शांत होता. चिमटा उचलला की तो थरथरू लागे, आणि तार दिव्याजवळ आली की थरथर वाढे. दोन्ही हातांना, उजव्याला किंचित अधिक. नानांनी चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, "राहू द्या. आता हे जमत नाही." थोड्या वेळाने जे सांगितले ते मात्र साधे नव्हते. लग्नाकार्यात त्यांनी चहा घेणे सोडले होते, कारण बशीत चहा सांडतो. गावात कुजबुज होती की, नाना पितात. त्यांच्या मुलीला वाटत होते की हा पार्किन्सनचा आजार. आणि आयुष्यभर दारूला न शिवलेल्या या माणसाला एका नातलगाकडे आग्रहाने घेतलेल्या दोन घोटांनंतर असा शोध लागला होता की, हात शांत राहतो. त्यानंतर सोसायटीच्या सभेत सही करायची असली की ते आधी थोडी घेऊन जात. कुजबुज अशी खरी होऊ लागली होती.

वाचकांनी येथे थोडे थांबावे, कारण घराघरांत हा घोटाळा होतो. पार्किन्सनच्या आजारातील कंप बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो, एका बाजूने सुरू होतो, आणि त्यासोबत हालचाली मंदावतात, चालीत फरक पडतो, अक्षर बारीक होत जाते. नानांचा कंप काम करताना येई. कागदावर गोगलगायीच्या शंखासारखे वेटोळे काढायला सांगितले, तर रेषा आकाराने मोठी पण दातेरी आली. त्यांच्या वडिलांचेही हात म्हातारपणी कापत. अशा कंपाला 'इसेन्शियल ट्रेमर' म्हणतात. तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो. मद्याने तो काही तास शमतो आणि उतरल्यावर अधिक जोराने परततो. ज्याला हे ठाऊक नाही असा सभ्य माणूस त्या वाटेने व्यसनाकडे जाऊ शकतो.

कंप असलेल्या प्रत्येकाची थायरॉइडची तपासणी करावी आणि चालू असलेली सर्व औषधे पाहावीत. नानांची थायरॉइड ठीक होती. औषधांची पिशवी उघडली, तेव्हा त्यात सालब्युटामॉलच्या गोळ्यांची पट्टी निघाली. दम लागला की ते दुकानातून आणून त्या घेत, कधी दिवसातून तीन-चार. या औषधाने हात कापतात. आणि दम केव्हा लागे? विचारता विचारता कळले की, घरी रेडिओ-घड्याळे दुरुस्त करायला बसल्यावर. डाग देताना जो पांढरा धूर निघतो तो शिशाचा नसून रोझिनचा, म्हणजे राळेचा असतो, आणि राळेचा धूर दमा चाळवतो. धुराने दम, दमासाठी गोळी, गोळीने कंप आणि कंपासाठी दारू, अशी ही साखळी होती.

कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल हे औषध पुष्कळांना गुण देते. परंतु दमेकऱ्यांना ते देऊ नये, श्वासनलिका आकसून जीवावर बेतू शकते. शेजाऱ्याला बरे वाटले म्हणून ही गोळी आणून घेणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो. नानांचा दमा आधी रोजच्या इनहेलरने आटोक्यात आणला, तेव्हा सालब्युटामॉलची गरज क्वचितच उरली. नंतर जळगावच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान पक्के केले आणि प्रिमिडोन अल्प मात्रेत रात्री सुरू केले. पहिले काही दिवस त्यांना झोप फार येई. कंप गेला नाही. अंदाजे निम्मा झाला. दारू मात्र पूर्ण सुटली, आणि मुलीच्या डोक्यावरचे ओझे उतरले. तिला घेऊन ते दवाखान्यात आले, तेव्हा तीच अधिक रडली.

उरलेला निम्मा कंप आम्ही टेबलाच्या मांडणीने हाताळतो. कोपरे टेबलावर टेकलेली, मनगटाखाली वाळूची छोटी पिशवी, चिमटा वजनदार. दिवा हातात न धरता पिठाच्या गोळ्यात रोवायचा, तार चिमटीच्या स्टँडला अडकवायची. दोन्ही टोकांना आधी कथिल चढवून ठेवले की प्रत्यक्ष डाग क्षणात बसतो. काम सकाळी, चहा नंतर. खिडकीशी एक छोटा पंखा धूर बाहेर ओढतो. डागाच्या तारेत शिसे असते आणि ते हातातून तोंडात जाते, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय माझ्या माडीवर चिवड्याला हात लावता येत नाही. चाळिशीचा चष्मा सुमारे ४० सेंटिमीटरवर वाचण्यासाठी असतो. हे काम २० सेंटिमीटरवर चालते, म्हणून डोक्याला लावायचे भिंग घेतले. बारीक कामात पापण्या मिटायचे विसरते व डोळे कोरडे पडतात, तेव्हा दर वीस मिनिटांनी आम्ही उठून सातपुड्याकडे पाहतो. पावसाळ्यात तो दिसत नाही, तरीही उठतो.

घरात लहान मूल असल्यास एक गोष्ट फार सांभाळावी. एलईडी तपासायला अनेकजण नाण्यासारखी चपटी बॅटरी वापरतात. मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच आतून भाजते. उलटी करवू नये, खायला-प्यायला देऊ नये, थेट रुग्णालय गाठावे. मूल एक वर्षाहून मोठे असून गिळता येत असेल आणि बॅटरी पोटात जाऊन १२ तास उलटले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा देता येतो. त्याने इजा मंदावते. परंतु मध शोधण्यात वेळ दवडू नये. माझ्या माडीवर या बॅटऱ्या कुलपात असतात.

ट्रकचे लाल दिवे पूर्ण व्हायला नानांना पाच रविवार लागले. सहाव्या रविवारी त्यांनी माझ्या फाटकाचा दिवा तपासला आणि तो नियमापेक्षा उंच बसवल्याचे सांगून काढून टाकला. सध्या एसटीची बस घेतली आहे. आतल्या दिव्याला दोन एलईडी पुरतील असा माझा हिशेब आहे. नाना म्हणतात, एकच लावा, आपल्या बसमध्ये एकच चालू असतो.