दोन पिवळ्या टोप्या

शाळा उर्दू माध्यमाची असली तरी पाखरांना माध्यम नसतं, असं आम्ही मुलांना नेहमी सांगतो. मागच्या पावसाळ्यात सातवीची मुलं घेऊन कवडीपाटला गेलो होतो. हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याने पुढे गेलं की मुळा-मुठेच्या काठी हे ठिकाण लागतं. पाण्यावर पुण्याच्या मैल्याचा फेस तरंगतो, वास येतो, तरीही पाखरं येतात.

बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत होती. पिवळी टोपी, पिवळी छाती, काळपट गाल. आम्ही खुलून गेलो. पाठ रात्रीच तयार केला होता. "बच्चो, ये बया. मराठीत सुगरण. आई पिल्लांसाठी घर विणते."

तेवढ्यात काठच्या पाणकणसात तसंच एक पिवळ्या टोपीचं पाखरू दिसलं. "ये भी बया," आम्ही सांगून टाकलं.

"नहीं सर," मागून आवाज आला. "ये वो नहीं. इसके सीने पे लकीरां हैं."

बोलणारा मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर बसतो. वाचन कच्चं, वह्या आमच्या लाल शाईने भरलेल्या. आम्ही म्हणालो, "पहले आँखें धो के आ." मुलं हसली. तो परत काही बोलला नाही.

रविवारी घरी पक्ष्यांचं पुस्तक उघडलं आणि आमचीच मान खाली गेली. सुगरणी एका जातीच्या नसतात. विणीच्या दिवसांत दोन्हींतल्या नरांच्या डोक्यावर पिवळी टोपी असते. पण नेहमीच्या सुगरणीच्या नराची छाती पिवळी आणि कोरी. दुसऱ्याची पांढुरकी, तिच्यावर गडद रेघा. पहिली झाडावर, विहिरीवर लांब नळीची घरटी टांगते. दुसरी पाण्याकाठच्या गवतात, पाणकणसात, खालीच घर बांधते आणि तिची नळी आखूड असते. म्हणजे पाखरू नीट दिसलं नाही तरी घराची जागा बरंच सांगून जाते. त्या मुलाने दोन्ही पाहिलं होतं. आम्ही फक्त टोपी पाहिली.

दुसरी चूकही त्याच पुस्तकाने दाखवली. घर आई विणत नाही, बाप विणतो. सालिम अलींनी 1930 साली अलिबागजवळ किहीमला बसून हे निरखलं. नर अर्धवट घरटं विणून थांबतो. मादी येते, आत-बाहेर तपासते. पसंत पडलं तर राहते, मग तो ते पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. उर्दूतला बया पुल्लिंगी, मराठीतली सुगरण स्त्रीलिंगी. निदान या बाबतीत उर्दूचं व्याकरण बरोबर निघालं.

पण आम्हाला टोचलं ते सालिम अलींच्या लहानपणाचं. त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. नेहमीच्या चिमणीसारखीच, पण गळ्यावर पिवळा डाग. ही खाणं हलाल आहे का, असा प्रश्न पडला, म्हणून पोराने ती मामूंना, अमीरुद्दीन तय्यबजींना दाखवली. त्यांनाही ती ओळखता येईना. त्यांनी पोराला गप्प बसवलं नाही. चिठ्ठी देऊन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. तिथे कप्प्याकप्प्यांत ठेवलेली पाखरं पाहून त्या मुलाचं आयुष्यच बदललं.

मामूंना माहीत नव्हतं, त्यांनी जाणत्याकडे धाडलं. आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही डोळे धुवायला सांगितलं. बी.एड.ला आम्ही विद्यार्थ्याच्या जिज्ञासेवर मोठा निबंध लिहिला होता. मार्कही चांगले पडले होते.

सोमवारी फळ्यावर दोन्ही पाखरं काढली. एकाची छाती कोरी ठेवली, दुसऱ्याच्या छातीवर रेघा ओढल्या. मग म्हणालो, "उस दिन सर ग़लत थे. ये सही था." वर्ग एकदम शांत झाला. त्याला विचारलं, "तुला कसं कळलं?"

"हमारे घर के पीछे नदी है ना सर. वहाँ रोज़ दिखते."

मग त्यानेच विचारलं, थंडीत पिवळी टोपी गेली की कसं ओळखायचं? आम्ही सांगितलं, त्या दिवसांत दोन्ही चिमणीसारख्या दिसतात, तेव्हा छातीवरच्या रेघाच कामाला येतात.

तो हसला. "वोइच तो मैं बोला था, सर."