बिनबर्फाची तालीम

नॉर्वेला जाऊन आलेल्या माणसाने मध्यरात्रीचा सूर्य, फ्योर्ड आणि महागाई या तीन विषयांवर लिहावे, असा आपल्याकडे शिरस्ता पडून गेला आहे. महागाईबद्दल एवढेच सांगतो, की ऑस्लोच्या एका दुकानात आमच्या सौ.ने कोथिंबीर हातात घेतली, किंमत वाचली आणि तान्हे मूल पाळण्यात ठेवावे तशी ती अलगद परत ठेवली. बाकीच्या दोन विषयांना फाटा देऊन मी सांगणार आहे ते शहराच्या उत्तरेकडच्या एका डांबरी रस्त्याविषयी.

भाचीच्या बाळंतपणासाठी सौ.ला जायचेच होते, तिच्याबरोबर मीही गेलो. महिना ऑगस्टचा. घरात पाळणा हलत असला म्हणजे पुरुषमाणसाने शक्य तितके बाहेर असलेले बरे, या न्यायाने मी रोज सकाळी निघे. ‘‘मामा, मारिदालेनला जा, तुम्हाला आवडेल,’’ भाची म्हणाली. मारिदालेन हे शहराला लागूनच असलेले खोरे. मधोमध मोठे तळे. ऑस्लोचे बरेचसे पिण्याचे पाणी इथलेच, म्हणून त्यात पोहायला बंदी. कडेला शेते, मागे सूचिपर्णी झाडांचे काळेभोर जंगल आणि या सगळ्यांतून वळणे घेत जाणारा रस्ता. त्या रस्त्यावर मला ही मंडळी दिसली. दोन्ही हातांत लांबच लांब काठ्या, आणि पायांखाली हातभराहून थोड्या लांब पट्ट्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना एकेक चाक. कंबरेत वाकून दोन्ही काठ्या एकदम डांबरावर टेकवायच्या, सारे अंग त्यांच्यावर झोकून द्यायचे आणि सपकन पुढे सरकायचे. खट्-सर्र, खट्-सर्र असा तो नाद. यांतल्या बहुतेक पट्ट्यांना ब्रेक नसतो, हे ऐकल्यावर मी रस्त्याच्या अगदी कडेने चालू लागलो.

भाचीच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहत. मीही मास्तरच, तेव्हा आमचे सूत जमायला वेळ लागला नाही. बर्फावरून लांब पल्ला तोडणाऱ्यांचे वर्ष १ मे रोजी सुरू होते, हे मला त्यांनीच सांगितले. शर्यती हिवाळ्यात, पण त्यांची खरी तालीम उन्हाळ्यातच होते. चाकांच्या स्की, डोंगरातली धाव, दलदलीतून चालणे, आणि चढावर काठ्या घेऊन मारायच्या उड्या. या उड्यांना तिथे एल्क नावाच्या थोरल्या हरणाचे नाव दिले आहे.

मारित ब्योर्गेन ही नॉर्वेची बाई. तिने ऑलिंपिकची १५ पदके मिळवली, त्यांत ८ सुवर्ण. शेवटचे सुवर्ण २०१८ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मूल झाल्यानंतर, ३० किलोमीटरच्या शर्यतीत. तिने वर्षानुवर्षे लिहिलेल्या सरावाच्या नोंदी अभ्यासकांनी तपासून २०१७ साली प्रसिद्ध केल्या. भराच्या पाच हंगामांत तिचा सराव वर्षाकाठी सरासरी ९३७ तास होता. सणवार, आजारपण काही न वगळता दिवसाला अडीच तासांहून अधिक. पण मला थक्क केले ते पुढच्या आकड्याने. दमसासाच्या या सरावातला ९२ टक्के वेळ अगदी सावकाश चालीचा होता. सोबत्याशी गप्पा मारता याव्यात, इतका सावकाश. दमछाक करणारा भाग शंभरात जेमतेम पाच.

‘‘हळू जाणे हेच पोरांना जमत नाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘मागून कुणी पुढे गेला, की यांना चेव येतो.’’ त्यासाठी छातीला नाडी मोजणारा पट्टा, आणि अधूनमधून बोटाला सुई टोचून रक्ताच्या थेंबाची परीक्षा. चेव आवरण्यासाठी एवढी यंत्रसामग्री! गवयाने पहाटे तासन्‌तास एकाच खर्जावर बसून राहावे, तसलाच हा प्रकार. चोरटेपणाला वाव नाही आणि घाईलाही नाही.

इथवर मास्तर खुशीत होते. मग त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली. आत मेणाच्या डब्या, निळ्या, हिरव्या, जांभळ्या, तांबड्या. प्रत्येक रंग वेगळ्या थंडीचा. जुनी स्की मध्यभागी धनुष्यासारखी उचललेली असते, आणि तिथेच हे मेण लावतात. एका पायावर भार दिला, की ती कमान दबते, मेण बर्फाला चिकटते आणि पाय मागे रेटता येतो. भार काढला की स्की मोकळी होऊन घसरते. आलटूनपालटून एकेक पाय टाकत जाण्याची ती चाल मास्तरांनी मला दिवाणखान्यात, मोज्यांवर, करून दाखवली. सत्तरी उलटलेला गृहस्थ, पण अंग असे लवत होते, की पाहत राहावे.

आणि आता? लांब पल्ल्याच्या शर्यतींतल्या अव्वल मंडळींनी हे मेण टाकूनच दिले आहे. मेण नाही म्हणजे घसरण जलद. पण चढावर पायांना पकड नाही. तेव्हा चढसुद्धा दोन्ही काठ्यांच्या रेट्यानेच चढायचा. याला ते डबल पोलिंग म्हणतात. रेना ते लिलेहामर ही ५४ किलोमीटरची बिर्केबाइनर शर्यत चांगलीच चढाची. १२०६ साली दोन योद्ध्यांनी तान्ह्या राजपुत्राला बर्फातून वाचवून नेले, त्याची आठवण म्हणून पाठीवर साडेतीन किलो ओझे घेऊन ती पुरी करायची. ती तरी मेणाशिवाय जिंकता येणार नाही, अशी जुन्यांची समजूत होती. २०१५ मध्ये पेटर एलियासनने तीही डबल पोलिंगने जिंकली. पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाने पारंपरिक शैलीत काठीची लांबी उंचीच्या ८३ टक्क्यांवर बांधून टाकली, पण बांध घालून पूर थोडाच परत फिरतो! त्यामुळे तालीमही पालटली. तास तेवढेच, पण कितीतरी अधिक वेळ दंड, पाठ आणि पोट यांच्या कामी. चार-चार तास चाकांवर नुसत्या काठ्या, आणि पावसात घरात दोऱ्या ओढायचे यंत्र.

‘‘ही स्की नव्हे, हे वल्हवणे झाले,’’ मास्तर म्हणाले, आणि पेटी बंद केली.

त्यांचे हे दुःख घरचेच होते, कारण त्यांची नात हीच तालीम करीत होती. तिचे लक्ष स्वीडनच्या वासालोपेटकडे, सेलेन ते मूरा, ९० किलोमीटर. १९२२ च्या पहिल्या शर्यतीत एर्न्स्ट आल्म साडेसात तासांनी पहिला आला. २०२१ मध्ये तूर आस्ले येरदालेनला साडेतीन तासही लागले नाहीत. रविवारी ती आली. खांदे पैलवानासारखे, बोलणे मात्र मवाळ. आजोबांची तक्रार मी तिच्या कानांवर घातली.

ती हसली. म्हणाली, ‘‘वल्हवतात ते हातांनी. काठ्या टेकण्याआधी मी चवड्यांवर उचलली जाते आणि मग सगळे वजन खाली टाकते, यात पाय नाहीत असे कोण म्हणतो?’’ मग जरा थांबून, ‘‘आजोबांना जुनी चाल हवी. पण १९२३ साली मार्गित नूर्दिन एकटी बाई वासालोपेट पुरी करून गेली, आणि पुढच्याच वर्षी बायकांना बंदी घातली. ती उठली १९८१ साली. त्या सुंदर चालीच्या काळात मला नुसते उभेही राहू दिले नसते.’’

मास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले. मला त्या दोघांपैकी कुणाचेच खोडून काढता येईना. ती मोज्यांवरची चाल नाहीशी झाली, तर एक देखणी गोष्ट जगातून जाईल, हे खरेच. पण नातीचे म्हणणेही तितकेच खरे.

दुसऱ्या दिवशी नातीची चार तासांची फेरी होती. मी मारिदालेनला चर्चच्या पडक्या भिंतींपाशी उभा होतो. ती आली, खट्-सर्र, खट्-सर्र, न थांबता, न धापा टाकता. तिच्या मागे वीसेक हातांवर सायकलवर मास्तर. सायकलच्या टोपलीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक केळे. चढ लागला तसे त्यांनी ओरडून तिला काही सांगितले. मी नंतर विचारले, काय म्हणालात?

‘‘हळू जा म्हणालो,’’ मास्तर म्हणाले. ‘‘नाडी वर चढली होती तिची.’’